पहिली एअर पिस्तूल नेमबाजी स्पर्धा आणि साहित्याची निवड : एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला नेमबाजीच्या पहिल्या स्पर्धेत उतरविताना साहित्याची निवड हा आर्थिक, तांत्रिक आणि शैक्षणिक अशा तिन्ही दृष्टींनी महत्त्वाचा निर्णय ठरतो. प्रस्तुत लेखात १० मीटर एअर पिस्तूल या प्रकाराच्या संदर्भात पिस्तूल, मूठ, ट्रिगर, छर्रे, चष्मा, पादत्राणे व सुरक्षासाहित्य यांच्या निवडीमागील तत्त्वे स्पष्ट केली आहेत. नियम, शरीर, विश्वासार्हता आणि किंमत या क्रमाने विचार केल्यास अनावश्यक खर्च टळतो व विद्यार्थ्याचे खरे शिक्षण होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

भारतातील संघटित नेमबाजीचा इतिहास स्वातंत्र्योत्तर काळापासून सुरू होतो. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा नव्या नेमबाजांना परिचित आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविणाऱ्या स्वप्निल कुसाळेपर्यंत एक सलग परंपरा दिसते. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगसह मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदके मिळविल्यानंतर या प्रकाराकडे विद्यार्थ्यांचा व पालकांचा ओढा वाढणे स्वाभाविक आहे.

मात्र उत्साहाबरोबर एक अडचणही येते. धावपटूला प्रारंभी बुटांचा एक जोड पुरतो. नेमबाजाला पहिल्याच टप्प्यावर महागड्या साहित्याचा विचार करावा लागतो. पुष्कळदा हा विचार चुकीच्या टोकापासून सुरू होतो. अमुक विजेत्याने कोणते पिस्तूल वापरले, हे आधी विचारले जाते आणि आपल्या पाल्याच्या हाताचे माप काय, हे शेवटी. महाविद्यालयांमध्ये दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचे साहित्य घेतले जाते, त्याची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते आणि मूठ कोणाच्याच हातात बसत नसल्याने ते कपाटात पडून राहते. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबात तर एका चुकीच्या खरेदीने मुलाचा किंवा मुलीचा खेळच संपू शकतो. म्हणूनच या प्रश्नाचा तत्त्वतः विचार करणे आवश्यक ठरते.

२. स्पर्धाप्रकाराचे स्वरूप आणि साहित्य

पिस्तूल नेमबाजीचे सर्व प्रकार सारखे नाहीत. १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली ‘प्रॅक्टिकल’ पिस्तूल नेमबाजी खेळली जाते. तीत स्पर्धक कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढतो, जागा बदलत अनेक लक्ष्यांवर गोळ्या झाडतो आणि वेळ व अचूकता या दोहोंच्या प्रमाणावर त्याचे गुण ठरतात. साहजिकच तेथे पट्टा, म्यान, काडतुसांच्या जादा मॅगझिन व त्या ठेवण्याचे कप्पे हे साहित्य पिस्तुलाइतकेच निर्णायक असते. कोणत्या विभागात खेळायचे यावर तेथील सर्व खरेदी अवलंबून राहते.

१० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार याच्या अगदी उलट आहे. येथे स्पर्धक एकाच जागी उभा राहून, एका हाताने, आधाराविना नेम धरतो. प्रत्येक वेळी एकच छर्रा भरला जातो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर पात्रता फेरीचे ६० नेम ७५ मिनिटांत पूर्ण करायचे असतात आणि त्यापूर्वी तयारी व सरावाच्या नेमांसाठी १५ मिनिटे मिळतात. १९८८ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या प्रकारात महिलांसाठी पूर्वी ४० नेम असत. २०१८ पासून पुरुष व महिला दोघांनाही ६० नेम आहेत. वेगाला येथे फारसे स्थान नाही. सव्वा तास तीच कृती तशीच करीत राहणे, हीच या खेळाची कसोटी होय.

दोन्ही प्रकारांना लागू पडणारे सूत्र मात्र एकच आहे. आधी प्रकार ठरवावा, मग त्याचे नियम वाचावेत आणि त्यानंतरच साहित्याकडे वळावे. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दृष्टीने कायदा, खर्च व सुरक्षितता या तिन्ही बाबतींत एअर पिस्तूल हेच सोयीचे प्रवेशद्वार असल्याने पुढील विवेचन त्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

३. नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर व्यासाचे असावे, त्याचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटर मापाच्या पेटीत मावावे. ट्रिगर ओढण्यास किमान ५०० ग्रॅम भार लागला पाहिजे. नेम साधण्यासाठी केवळ उघडी साधने चालतात. दुर्बीण, भिंग, आरसा किंवा लेझर यांना परवानगी नाही. मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा. ज्या हाताने नेम धरायचा त्या हातात घड्याळ, कडे किंवा मनगटपट्टा चालत नाही. पादत्राणे घोट्याचे हाड न झाकणारी असावीत.

ही चौकट साहित्य घेण्यापूर्वी माहीत असणे अगत्याचे आहे. हौशी वापरासाठी बाजारात मिळणारी पिस्तुलाच्या आकाराची अनेक एअर उपकरणे स्पर्धेच्या साहित्य तपासणीत बाद ठरतात किंवा स्पर्धेला आवश्यक ती अचूकता देऊ शकत नाहीत. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात. त्यामुळे स्पर्धेपूर्वी आयोजकांचे परिपत्रक व चालू नियमपुस्तिका पाहणे हा क्रीडाशिक्षकाच्या कर्तव्याचा भाग मानावा.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ मध्ये आलेल्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या व २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर उपकरणास परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. म्हणजेच त्याची ऊर्जा पाच-सहा जूलच्या आसपास असते. तथापि परवान्याची गरज नाही याचा अर्थ ते खेळणे आहे, असा नव्हे. खरेदीची पावती जवळ ठेवणे, पिस्तूल कुलूपबंद पेटीतूनच नेणे आणि सार्वजनिक ठिकाणी ते बाहेर न काढणे हे नियम विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकविले पाहिजेत.

४. चूक नेमकी कोठे होते?

साहित्यावर किती खर्च करावा, हे ठरविण्यासाठी गुण कशामुळे जातात हे समजून घेणे उपयुक्त ठरते. एअर पिस्तूलच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. छर्ऱ्याच्या छिद्राची कड वर्तुळरेषेला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा गुण आणि त्यापुढील प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी, असा साधा हिशेब मांडता येतो.

आता पिस्तुलाकडे पाहू. नळीच्या टोकाकडील माशी आणि मागील खाच यांमधील अंतर ३२० मिलिमीटर आहे असे धरले, तर १० मीटर हे अंतर त्याच्या सुमारे ३१ पट भरते. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ पाव मिलिमीटर सरकली तरी लक्ष्यावर जवळजवळ ८ मिलिमीटरचा, म्हणजे एका गुणाचा फरक पडतो. एक मिलिमीटर सरकली तर सुमारे चार गुण जातात. याउलट माशी व खाच यांची जुळणी कायम ठेवून संपूर्ण हात ५ मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही ५ मिलिमीटरच बाजूला पडतो आणि दहा गुण शाबूत राहू शकतात.

या हिशेबातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली अशी की, नवोदिताचे गुण प्रामुख्याने मनगटाच्या सूक्ष्म हालचालीने आणि ट्रिगर झटक्यात ओढल्याने जातात. हात थोडा हलतो म्हणून जातात त्याहून कितीतरी अधिक. दुसरी अशी की, स्पर्धादर्जाचे कोणतेही सुस्थितीतील पिस्तूल पक्क्या आधारावर ठेवून झाडले असता त्याचे छर्रे दहाच्या वर्तुळातच पडतात. त्यामुळे चांगल्या पिस्तुलाऐवजी अतिमहाग पिस्तूल घेतल्याने नवोदिताच्या गुणांत फारसा फरक पडत नाही. मूठ हाताला बसणे आणि ट्रिगर नीट जुळविलेला असणे, यांनी मात्र मोठा फरक पडतो.

५. पिस्तुलाची निवड

स्पर्धेतील पिस्तुले मुख्यतः दोन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक नेमापूर्वी तरफ एकदा दाबून हवा भरावी लागते. अशा पिस्तुलाला सिलिंडर लागत नाही, त्याची रचना साधी असते आणि देखभालही सोपी असते. परंतु ६० नेम व सरावाचे नेम मिळून तरफ ओढण्याचे श्रम खांद्याला जाणवतात. दुसऱ्या प्रकारात नळीखाली असलेल्या सिलिंडरमध्ये आधीच उच्च दाबाची हवा भरलेली असते. दाब सर्वसाधारणपणे २०० बारपर्यंत असतो. प्रत्येक नेमाला ठरावीक हवा सुटत असल्याने श्रम वाचतात व एकसारखेपणा राहतो. आज स्पर्धांमध्ये हाच प्रकार सर्वत्र दिसतो. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाउ, पार्डिनी, वॉल्थर ही त्यांतील परिचित नावे होत.

पहिल्या स्पर्धेसाठी शक्यतो पिस्तूल विकत घेऊच नये. क्लबचे, महाविद्यालयाचे किंवा भाड्याचे पिस्तूल वापरावे. काही महिन्यांच्या सरावानंतर हाताचे माप, पेलवणारे वजन आणि खेळातील रस या तिन्ही गोष्टी स्पष्ट होतात. विकत घ्यायचे ठरल्यास सुस्थितीतील वापरलेले पिस्तूल हा उत्तम पर्याय असतो. ते घेताना सिलिंडरवरील तारीख, हवागळती, ट्रिगरची जुळणी आणि सुटे भाग मिळण्याची सोय एवढ्या चार बाबी जाणकाराकडून तपासून घ्याव्यात. सिलिंडरची मुदत उत्पादकाने ठरविलेली असते व ती कमाल दहा वर्षांची असते. मुदत उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी तो वापरणे धोक्याचे आहे.

वजनाच्या बाबतीत जडपणा म्हणजे स्थैर्य, असा एक समज आढळतो. तो अर्धसत्य आहे. साधारण एक किलो वजनाचे पिस्तूल पूर्ण ताणलेल्या हाताने सव्वा तासात साठहून अधिक वेळा उचलायचे असते. खांदा थकला की शेवटच्या वीस नेमांत गुण घसरतात. सडपातळ बांध्याच्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला हलके पिस्तूलच प्रारंभी योग्य ठरते. पुढे शक्ती वाढेल तशी वजने जोडता येतात.

६. मूठ : निवडीचा केंद्रबिंदू

मुठी लहान, मध्यम, मोठी अशा मापांत तसेच उजव्या व डाव्या हातासाठी स्वतंत्र मिळतात. योग्य मूठ ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. रिकामे पिस्तूल हातात घट्ट बसवून, डोळे मिटून, नेहमीप्रमाणे हात उचलावा व नंतर डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्याजवळ आपोआप दिसली तर मूठ अनुरूप आहे. ती सतत एकाच बाजूस किंवा वर-खाली दिसत असेल, तर मुठीचा कोन किंवा माप बदलण्याची गरज आहे. मनगट वाकवून जुळणी साधण्याची सवय लावू नये. कारण थकवा येताच मनगट आपल्या मूळ जागी परतते आणि पाव मिलिमीटरचा वर उल्लेखिलेला हिशेब सुरू होतो.

महाविद्यालयांच्या दृष्टीने येथे एक उपयुक्त मुद्दा निघतो. बहुतेक स्पर्धापिस्तुलांची मूठ स्क्रू काढून बदलता येते. एकाच प्रतिकृतीची दोन पिस्तुले आणि त्यांना बसणाऱ्या वेगवेगळ्या मापांच्या चार-पाच मुठी घेतल्यास, तेवढ्याच निधीत अनेक विद्यार्थ्यांची सोय होते. लहान हाताच्या विद्यार्थिनी व डावखुरे विद्यार्थी यांना केवळ मुठीअभावी खेळातून बाद व्हावे लागू नये, हा समान संधीचाही प्रश्न आहे.

७. ट्रिगर, छर्रे आणि दृष्टी

ट्रिगरचा भार नेमका ५०० ग्रॅमवर ठेवण्याचा मोह टाळावा. तपासणीचे वजन उचलले न गेल्यास पिस्तूल नापास होते, आणि स्पर्धेनंतरच्या आकस्मिक तपासणीत असे घडल्यास स्पर्धक बाद ठरतो. भार दहा-वीस ग्रॅम अधिक ठेवल्यास खेळावर परिणाम होत नाही, चिंता मात्र मिटते. पहिला टप्पा हलका आणि दुसरा टप्पा स्पष्ट जाणवणारा, अशी जुळणी नवोदितास शिकण्यास सोपी जाते.

छर्रे सपाट तोंडाचेच असावेत. त्यांनी कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पडते व गुणमोजणीत शंका उरत नाही. डोक्याच्या मापात शतांश मिलिमीटरचे फरक असलेले छर्रे मिळतात. प्रत्येक नळीला कोणते माप मानवते, याच्या चाचण्या वरच्या पातळीवर केल्या जातात. पहिल्या स्पर्धेसाठी एका चांगल्या उत्पादकाचे, एकाच मापाचे छर्रे सरावात व स्पर्धेत कायम ठेवणे एवढेच पुरेसे आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी छर्रे बदलू नयेत. छर्रे शिशाचे असल्याने ते हाताळल्यावर, विशेषतः खाण्यापूर्वी, हात साबणाने धुण्याची शिस्त हवी.

दृष्टीबाबत सर्वसाधारण गैरसमज असा की, लक्ष्य स्पष्ट दिसले पाहिजे. वस्तुतः माशी स्पष्ट आणि लक्ष्य किंचित धूसर दिसणे अपेक्षित असते. डोळ्याला नंबर असल्यास नेत्रतज्ज्ञाला हातभर अंतरावरील माशीबद्दल सांगूनच चष्मा करून घ्यावा. दुसरा डोळा मिटून ठेवल्यास चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. त्याऐवजी त्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची अर्धपारदर्शक पट्टी लावावी. नेमबाजीचा खास चष्मा पुढे घेता येतो. प्रारंभी नेहमीचा चष्मा व ही पट्टी यांवर काम भागते.

पादत्राणांत सपाट, पातळ व घट्ट तळ असलेला साधा बूट पुरतो. धावण्याचे उंच, मऊ तळाचे बूट शरीर डोलवतात. रायफल नेमबाजांचे जाड जाकीट पाहून पिस्तूल नेमबाजाने ते विकत घेण्याची आवश्यकता नाही. कानांसाठी साधे संरक्षक पुरे. संगीत ऐकविणारी साधने रेंजवर चालत नाहीत.

८. सुरक्षा आणि विश्वासार्हता

प्रत्येक पिस्तुलासोबत नळीतून आरपार जाणारी भडक रंगाची सुरक्षादोरी असावी. पिस्तूल रिकामे असल्याची ती दृश्य खूण होय. सिलिंडरमध्ये स्वच्छ व कोरडी हवाच भरावी. ऑक्सिजन भरणे स्फोटक ठरू शकते, ही सूचना भरणाकेंद्राजवळ मराठीत ठळकपणे लावलेली असावी. सिलिंडर भरल्याची तारीख, मुदत व दुरुस्ती यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी.

साहित्य किती निर्णायक ठरू शकते, याचे उदाहरण २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. पात्रता फेरी सुरू असताना मनू भाकर हिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, उरलेले नेम अपुऱ्या वेळात पूर्ण करावे लागले आणि अवघ्या दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. जगातील उत्तम साहित्य आणि उत्तम नेमबाज असूनही असे घडू शकते. त्यामुळे पहिल्या स्पर्धेला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पेटीत भरलेला जादा सिलिंडर, हवा रोखणाऱ्या रबरी कड्या, योग्य मापाच्या चाव्या, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असल्यास नवी बॅटरी आणि छर्ऱ्यांचे दोन डबे असावेत. संघासाठी एक राखीव पिस्तूल आधीच तपासून घेतलेले असावे. त्याच खेळाडूने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात पदक मिळविले, हेही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. अपयशाचे एक कारण साहित्यात असले, तरी परतण्याची शक्ती साहित्यातून येत नाही.

९. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) साहित्याची निवड नियम, शरीर, विश्वासार्हता व किंमत या क्रमाने व्हावी. विजेत्यांचे अनुकरण हा निकष असू नये.
(२) पहिल्या स्पर्धेसाठी क्लबचे अथवा महाविद्यालयाचे पिस्तूल वापरून खरेदी काही महिने पुढे ढकलावी.
(३) उपलब्ध निधी मर्यादित असल्यास तो महाग पिस्तुलापेक्षा योग्य मूठ, चांगले छर्रे व नियमित सराव यांवर खर्च करावा. अनेक पिस्तुलांत छर्ऱ्याविना ट्रिगरचा सराव करण्याची सोय असते. तिचा खर्च शून्य आणि लाभ मोठा आहे.
(४) महाविद्यालयीन खरेदी समितीने केवळ किमान दर न पाहता मुठींची मापे, सिलिंडरची मुदत व सुट्या भागांची उपलब्धता या अटी दरपत्रक मागवितानाच नमूद कराव्यात आणि समितीत शारीरिक शिक्षण संचालकांबरोबर एका अनुभवी नेमबाजाचे मत घ्यावे.
(५) साहित्य देण्यापूर्वी सुरक्षा व कायदा यांचे पाठ पूर्ण झाल्याची नोंद असावी.

पहिल्या स्पर्धेचा हेतू पदक हा नसतो. साहित्य तपासणीतून निर्धास्तपणे जाणे, ६० नेम वेळेत पूर्ण करणे आणि आपले गुण कोठे व का गेले हे वहीत लिहून घेणे, एवढे साधले तरी ती स्पर्धा सफल झाली असे मानावे. त्यासाठी लागणारे साहित्य थोडे असते. ते निवडताना लागणारा विवेक मात्र विद्यार्थ्याच्या वतीने प्रथम शिक्षकाने दाखवावा लागतो.